नऊ वर्षांनी म्हणे लग्न झालंच नव्हतं: मामाची मुलगी आणि कायदा

कृष्णाकाठ
आमच्या नात्यातल्या एका मुलीला तिच्या आत्याच्या मुलाला दिली. सांगली-कोल्हापूरकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. नऊ वर्षं संसार झाला, मुलगा शाळेत जातो. आता नवऱ्याचा कोर्टात अर्ज: हे लग्न मुळातच शून्य. आधार हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ५ आणि ११. मामे-आते भावंडं निषिद्ध नात्यात येतात; रूढी असेल तरच सूट. आणि ती रूढी सिद्ध कुणी करायची? तिने! ज्याच्या आईने भावाच्या दारात येऊन मुलगी मागितली, तो मोकळा.

फसवून लग्न लावलं असेल तर कलम १२ खाली ते रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. नात्याचं कारण काढायला मात्र मुदतच नाही. दोघांना नातं माहीत होतं, दोन्ही घरांनी अक्षता टाकल्या. मोडायचंच असेल तर घटस्फोट मागावा. इथेही मुदत घालून ही पळवाट बंद व्हायला हवी.

रानजाई
बंद करायचीच तर रूढीची सूट बंद करा. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता एरवी साधारण २ ते ३ टक्के, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ४ ते ६ टक्के. आकडा छोटा दिसतो, पण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं असेल तर धोका आणखी वाढतो. समोर बसलेली आई एकच सांगते, ‘आमच्यात चालतं.’

ऑस्टिनवासी
रानजाईंशी सहमत. इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात सख्ख्या मामे-चुलत भावंडांचं लग्न चालतं, टेक्ससने २००५ मध्ये बंद केलं, टेनेसीने २०२४ मध्ये. मिनेसोटात बंदी आहे, पण मूळनिवासींच्या रूढीला सूट. म्हणजे आपल्यासारखाच प्रकार. टेक्ससचा नियम कडक असेल, पण निदान लग्नाआधी कळतो. आपल्याकडे लग्न खरं की खोटं हे नऊ वर्षांनी न्यायाधीश सांगणार?

कृष्णाकाठ
रानजाई, पुढच्या लग्नांसाठी तुमचं पटतं. पण उद्या सूट काढली तर आज नांदत असलेल्या हजारो बायकांचं काय?

काळा कोट
निम्मी वकिली फौजदारीत गेली, तरी सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. नवऱ्याने सपिंड नातं (एकाच पूर्वजाकडून आलेलं जवळचं नातं) दाखवून २००७ मध्ये लग्न शून्य ठरवून घेतलं. बायकोने त्या तरतुदीलाच आव्हान दिलं, ते जानेवारी २०२४ मध्ये फेटाळलं गेलं. न्यायालयाचं म्हणणं, जोडीदाराच्या निवडीवर काहीच बंधन नसेल तर निषिद्ध नात्यांनाही मान्यता मिळेल. मला ते बरोबर वाटतं.

मुदतीला माझा ठाम विरोध आहे. अठरा पुरी होताच मनाविरुद्ध आत्याच्या घरात ढकललेली मुलगी विचारात घ्या. पाच वर्षांनी तिला पाय फुटले, तर तुमची मुदत तिचंच दार लावून घेईल. शिवाय बाई अगदीच वाऱ्यावर नाही. मुलं कलम १६ खाली औरस. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतल्या आईबापाच्या हिश्श्यातही त्यांचा वाटा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. लग्न शून्य ठरलं तरी जोडीदाराला कायम पोटगी मागता येते, हा निकाल फेब्रुवारी २०२५ चा.

कृष्णाकाठ
ढकललेल्या मुलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मुदतीचं मागे घेते. पण जो स्वतः मागणी घालून आला, रूढीचा फायदा घेऊन नांदला, त्यानेच ‘आमच्यात ही रूढी नाही’ हे सिद्ध करावं, एवढं तरी कायद्यात हवं. पोटगी मिळेल हो. पण उद्या तो गेला तर ती त्याची विधवा म्हणून वारस राहत नाही, आणि नऊ वर्षं ती त्या घरात कोण होती याला उत्तर नाही.

काळा कोट
ओझं उलटवण्याला माझी हरकत नाही. पण तिची तारीख कायदा बदलेपर्यंत थांबायची नाही. भावकीत अशी लग्नं झालेली जुनी जोडपी शोधा. लग्नपत्रिका, फोटो, मतदार याद्या, जे मिळेल ते. दोन-तीन पिढ्या सलग दिसल्या पाहिजेत.

कृष्णाकाठ
जोडपी आहेत, चार तरी. सगळ्यात जुनं तिच्या सासूच्या सख्ख्या चुलत्याचं. रविवारी त्यांच्या दारात जाणार आहोत. ते पुतणीच्या मुलाविरुद्ध साक्षीला उभे राहतील का, तिथेच सगळं अडलंय.