मुख्याध्यापक पद सोडून बी.एड. कॉलेजला शिकवायला जावं का?

माणदेशी_पाटी
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका. १७ वर्षं शिक्षिका म्हणून काढली, या खुर्चीत ६ झाली. एम.ए., एम.एड. आहे, गेल्या वर्षी शिक्षणशास्त्रातून सेट (कॉलेजात शिकवायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) पण निघाली. आता जवळच्या अध्यापक महाविद्यालयात जागा निघालीय आणि मला जावंसं वाटतंय, घरचे म्हणतात डोकं फिरलंय का, मिळालेली खुर्ची कोण सोडतं.

पण खरं सांगू का, शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी यातून वर्गावर जायलाच मिळत नाही. मागे आमच्याकडे आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, बी.एड.ची मुलं आली होती. एकाचा अपूर्णांकांवर पाठ होता, टाचण इतकं सुंदर की बघत राहावं. एका पोराने विचारलं, सर, दोन छेद चार मोठा ना एक छेद दोनपेक्षा, आकडे मोठे आहेत की. तो शिकवणारा गप्पच झाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला, कारण मागे निरीक्षक बसले होते. सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात घेतलं, कागदाच्या घड्या घालत बसलो दोघं, अर्धा तास कसा गेला कळलं नाही. दोन घड्या घातल्यावर त्याचा चेहरा उजळला तो अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून मनाने घेतलंय की मला हेच करायचंय. कोणी असं केलंय का?

खडूची_पूड
ताई, मी गेलो या वाटेने, आता १० वर्षं झाली. पहिलं म्हणजे जागा अनुदानित आहे की विनाअनुदानित की तासिका तत्त्वावर, ते लेखी घ्या. माझं पहिलं कॉलेज विनाअनुदानित होतं, पगार तीन तीन महिने लांबायचा, घरात हप्ते चालू, फार वाईट गेले ते दिवस. आणि राजीनामा लगेच देऊ नका, शाळेत धारणाधिकार (म्हणजे मूळ पदावर परत येण्याचा हक्क) ठेवता येतो का ते संस्थेला आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे एम.एड. आणि पदव्युत्तर पदवी दोन्हीला ५५ टक्के लागतात, तुमचे असतीलच पण मार्कशीट काढून बघा.

कामाचं म्हणाल तर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात २० आठवडे शाळेत, म्हणजे तुमच्यासारख्या शाळा चालवलेल्या माणसाला तिथे खरंच काम आहे. फक्त एक बघा, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक (पदवी आणि बी.एड. एकत्र) अभ्यासक्रमाकडे जायचं म्हटलंय, तर ते कॉलेज त्याची काही तयारी करतंय का.

कोसबाडची_वाट
मला तुमचं वाचून बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकच आठवल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, मानाची जागा, ती सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांत कामाला गेल्या. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ, पुढे १९४५ ला डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम, त्यांच्या पुढच्या सहकारी अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ ला ते काम जवळच्या कोसबाडला गेलं. वारली आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून बिया, शिंपले, खडे यांची साधनं केली, आणि बालशिक्षिका तयार झाल्या त्या तिथेच, मुलांच्या सोबत. माझी आई अशाच एका वर्गात शिकली, ती आजही चिंचोके मोजायला लावते नातवंडांना. म्हणून सांगते, जा, पण मुलांचा वर्ग सोडू नका. वर्षानुवर्षं शाळेत पाय न ठेवता शिक्षक घडवता येत नाहीत, मला तरी पटत नाही.

सातवी_ब
माझं मत वेगळं आहे. त्या बी.एड.च्या मुलाला तुम्ही घड्या घालून शिकवलंत ते मुख्याध्यापिका होतात म्हणूनच ना? तुमच्या शाळेत जे शिक्षक आहेत त्यांना असं व्हरांड्यात कोण घेणार तुम्ही गेल्यावर? मी तरुण शिक्षक आहे, माझे पाठ बघून बोलणारं कोणी नाही, मुख्याध्यापक फक्त टाचण वहीवर सही करतात. अशी माणसं शाळेत कमी आहेत हो मॅडम.

माणदेशी_पाटी
सातवी ब, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. शाळेत मी तरी किती जणांचे पाठ पूर्ण बसून बघितले, या वर्षात दोघांचेच. उद्यापासून रोज एक तास, बिलं मागे राहिली तरी चालतील. अर्ज मात्र भरतेय, धारणाधिकाराचं पत्र सोमवारी देते, आणि मुलाखतीत विचारणारच की आठवड्यातून दोन तास मला शेजारच्या शाळेत पाचवीला शिकवू द्याल का. नाही म्हणाले तर मग बघू. तोवर तुमचा एखादा पाठ रेकॉर्ड करून पाठवाल का मला, बघते आणि फोनवर बोलू.