फाइल जतन करताना संगणक गोठतो: दोष नेमक्या कोणत्या प्रोग्रॅमचा?

कळफलक:

माझ्या घरच्या संगणकावर विंडोज ११ आहे. गेल्या साधारण तीन आठवड्यांपासून कोणत्याही प्रोग्रॅममधून फाइल जतन करायला गेलो की ती खिडकी तीस-चाळीस सेकंद निपचित पडते. कधीकधी ‘ही फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे’ असा संदेश येतो आणि फाइल जतनच होत नाही. या काळात मी तीन गोष्टी बदलल्या: बॅकअपचा एक नवा प्रोग्रॅम बसवला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत केला आणि प्रिंटर बदलल्यामुळे त्यासोबतचे सॉफ्टवेअरही बसवले.

डिस्क आणि मेमरी तपासून झाली, दोन्हींत दोष आढळला नाही. अँटिव्हायरस काही वेळ थांबवून पाहिला, पण फरक पडला नाही. रोज रात्री संगणक बंद करतो आणि सकाळी चालू करतो, त्यामुळे पुन्हा सुरू करून पाहण्याचा प्रश्न उरत नाही. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालते तेव्हा) मात्र सर्व काही सुरळीत चालते. विंडोज नव्याने बसवण्याचा सल्ला मला मिळाला आहे, पण ती वेळ येऊ नये असे वाटते. वरील तिघांपैकी आधी कोणाला काढून टाकावे?

सावकाश:

इतक्यात कोणालाच काढू नका. तिन्ही एकदम काढून अडचण गेली, तर ती कशामुळे गेली हे तुम्हाला कळणार नाही, आणि त्यांतले एखादे पुन्हा बसवताना तुम्ही आज जेथे आहात तेथेच परत याल.

आधी एक गैरसमज दूर करतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक संगणकांवर ती मुळातच चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या वेळची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते व सकाळी तीच परत उचलली जाते, म्हणजे बिघडलेली स्थितीही जशीच्या तशी परत येऊ शकते. सर्व काही खरोखर नव्याने सुरू होते ते ‘रीस्टार्ट’ केल्यावर. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद होणारा संगणक तेथे कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दिसले, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

रीस्टार्ट करूनही अडचण राहिली, तर ‘क्लीन बूट’ करा, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम बंद ठेवून विंडोज सुरू करा. त्यासाठी, गरज पडल्यास मागे फिरता यावे म्हणून, एक रीस्टोर पॉइंट करून ठेवा, मग एमएसकॉन्फिग (विंडोजसोबत काय सुरू व्हावे हे ठरवण्याचे साधन) उघडून सर्व्हिसेसच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याच्या चौकटीत आधी खूण करा (ही पायरी गाळणाऱ्यांचे संगणक मी दुरुस्त केले आहेत, म्हणून आग्रहाने सांगतो), आणि त्यानंतर उरलेल्या सर्व बंद करा. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपचे प्रोग्रॅमही बंद करा. आता संगणक ठीक चालला, तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या सर्व्हिसेस चालू करून रीस्टार्ट करा. अडचण परत आली तर संशयित त्या निम्म्यांत आहे, नाही आली तर उरलेल्यांत. वीस-बावीस सर्व्हिसेस असल्या तरी पाच फेऱ्यांत एकच नाव उरते.

एक फेरी मात्र बुचकळ्यात टाकू शकते. दोन्ही अर्धे गट वेगवेगळे चालवल्यावर ठीक चालले आणि एकत्र आल्यावरच अडचण आली, तर दोन सर्व्हिसेसचे आपसांत पटत नाही आणि त्या दोघी दोन वेगळ्या गटांत आहेत असे समजा. अशा वेळी एक गट पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे अर्धे-अर्धे करत जा, आणि त्यातील नाव हाती लागले की ते चालू ठेवून पहिल्या गटाचे तसेच करा.

जुनी डिस्क:

एवढ्या खटाटोपाआधी स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप करून ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. कोणत्या दिवशी काय बसवले आणि कोणता प्रोग्रॅम केव्हा कोसळला, हे तेथे तारखेनुसार दिसते. ‘साधारण तीन आठवडे’ ही आठवण फसवी असते. याशिवाय एखाद्या रजिस्ट्री क्लीनरने (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळे साफ करून पाहायलाही हरकत नाही, आणि व्हिज्युअल सी++ च्या (अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइलींच्या) पाच-सहा आवृत्त्या यादीत असतील तर जुन्या काढून टाका.

तळघर:

रिलायबिलिटी हिस्टरीचा सल्ला उत्तम आहे, पण पुढच्या दोन्ही सूचनांशी मी सहमत नाही. व्हिज्युअल सी++ च्या आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदण्यासाठीच बनवलेल्या असतात. वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वेगवेगळी आवृत्ती लागते आणि जुनी काढली की एखादा चालू असलेला प्रोग्रॅम उघडेनासा होतो. रजिस्ट्री क्लीनरने तर तपासाचे पुरावेच पुसले जातील.

कळफलक, तुमच्या प्रश्नातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य म्हणजे अँटिव्हायरस थांबवूनही फरक पडला नाही, हे. अँटिव्हायरस थांबवल्याने त्याची तपासणी थांबते, त्याचा फिल्टर ड्रायव्हर (फाइलच्या मागण्या वाटेत पाहणारा भाग) मेमरीतून जात नाही. फाइल उघडण्याची, वाचण्याची, लिहिण्याची प्रत्येक मागणी डिस्कपर्यंत जाताना अशा फिल्टरांच्या उतरंडीतून जाते. प्रत्येकाला ‘अल्टिट्यूड’ नावाचा क्रमांक असतो आणि मोठ्या क्रमांकाच्या फिल्टरला मागणी आधी दिसते. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखलेला आहे, सतत चालणाऱ्या बॅकअपसाठी २,८०,००० ते २,८९,९९८ हा. लिहून झालेली फाइल बॅकअपवाला वाचण्यासाठी उघडतो, ते पाहून अँटिव्हायरसवाला ती तपासायला घेतो, आणि तेवढ्यात तुमचा प्रोग्रॅम तीच फाइल पुन्हा मागतो. प्रत्येक जण आपले काम चोख करतो, तरी दाराशी गर्दी होते.

हे फिल्टर ड्रायव्हर एमएसकॉन्फिगच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून सावकाश यांच्या पद्धतीला ही एक आंधळी बाजू आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ ही आज्ञा रोमन लिपीत, सलग पाच अक्षरांत द्या. आलेल्या यादीत ३,२८,०१० क्रमांकाचा फिल्टर विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचा आहे. त्याच पट्ट्यात आणखी कोण आहे, ते येथे कळवा. या संगणकावर पूर्वी दुसरा एखादा अँटिव्हायरस होता का?

कळफलक:

दोघांचेही आभार. अप टाइम अकरा दिवस निघाला. रीस्टार्ट केल्यावर अर्धा दिवस बरे गेले, पण अडचण परत आली. त्यानंतर रविवारी क्लीन बूट केले. एकवीस सर्व्हिसेस होत्या, पाच फेऱ्यांत बॅकअपच्या सर्व्हिसवर येऊन थांबलो. ती बंद असली की सर्व ठीक, चालू केली की गोठणे सुरू. तेथेच थांबून तो प्रोग्रॅम काढून टाकणार होतो, पण एफएलटीएमसीच्या यादीत अँटिव्हायरसच्या पट्ट्यात दोन अनोळखी नावे दिसली. एक सध्याच्या अँटिव्हायरसचे निघाले. दुसरे, संगणक घेताना त्यात चाचणीपुरता आलेल्या आणि मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचे!

त्या कंपनीच्या संकेतस्थळावर अवशेष काढण्यासाठी वेगळे साधन मिळाले. ते सेफ मोडमध्ये चालवून रीस्टार्ट केले, आणि बॅकअप चालू ठेवूनही आता फाइल क्षणात जतन होते. ड्रायव्हर आणि प्रिंटर यांच्यावर मी उगाच संशय घेतला. मात्र मोठ्या एक्सेल फाइलच्या बाबतीत ‘दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे’ हा संदेश आजही एकदा आलाच.

तळघर:

तो संदेश पुन्हा आला, तर खिडकी बंद न करता रिसोर्स मॉनिटर उघडा. सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलचे नाव टाकले की ती कोणी धरून ठेवली आहे ते दिसते. बॅकअपचेच नाव आले, तर त्याच्या सेटिंगमध्ये बदल होताक्षणी प्रत घेण्याऐवजी ठरावीक वेळी प्रत घेण्याचा पर्याय आहे का, ते पाहा. एमएसकॉन्फिग पुन्हा ‘नॉर्मल स्टार्टअप’वर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात प्रिंटर का चालत नाही असा नवा प्रश्न तुम्हाला येथे विचारावा लागेल.