नाकातली नळी नको म्हटली म्हणजे आईला उपाशी मारलं का?

रात्रपाळी:
काल इथे एकाने शेजाऱ्यांबद्दल लिहिलं. त्यांची आई स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात, घास गालातच धरून बसायची, घोटाघोटाला ठसका. डॉक्टरांनी राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी सुचवली, मुलांनी नको म्हटलं. लेखकाने निकाल दिला, 'पोरांनी आईला उपाशी मारलं', आणि खाली सगळ्यांनी री ओढली.

मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची नर्स आहे, घरोघरी जाते. हे वाचून गप्प बसवेना. या टप्प्यावर खाणं सुटणं हा आजाराचाच भाग असतो. नळी घातली की न्यूमोनिया टळतो ही समजूत खोटी आहे. लाळ घशात उतरतेच, पोटातलं उलटून वर येतंच, आणि तेच फुप्फुसात जातं. शिवाय नळी टोचते म्हणून पेशंट ती उपसतो, मग त्याचे हात पट्टीने खाटेला बांधतात. मनगटावरचे ते वळ एकदा बघा, मग 'उपाशी मारलं' म्हणा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने (म्हाताऱ्यांवर उपचार करणाऱ्यांची संघटना) २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अशा पेशंटला नळीपेक्षा सावकाश हाताने भरवा.

कृष्णाकाठ:
ताई, शीर्षक बघा तुमचं. वाचणाऱ्याला वाटेल नळी म्हणजे छळच. माझ्या वडिलांना घशाचा कॅन्सर होता. रेडिएशनने तोंड आतून सोलून निघालेलं, थुंकी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. नळी होती म्हणून उपचार पुरे झाले आणि बहिणीच्या लग्नात ते मांडवात उभे राहिले, नळी गालाला चिकटपट्टीने लावून. तेव्हा असलं काही वाचून आम्ही 'नको' म्हटलं असतं तर?

रात्रपाळी:
तुमच्या वडिलांचं मान्य. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार चालू असताना नळीचा खरा उपयोग होतो, जास्त दिवस लागणार असतील तर पोटावरून थेट जठरात जाणारी नळी, पेग, बसवतात. अन्ननलिका गाठीने बंद झाली असेल तर स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकल्यावर काही जण पुन्हा मऊ भात खातात. पण मी सुरुवातीलाच स्मृतिभ्रंश लिहिलंय. ते न वाचता अंगावर येऊ नका.

माहेरवाशीण:
निर्णय कोण घेतो ते बोला ना. सासूबाईंना मी भरवायची. वाटीभर पेजेला तास जायचा, मधेच त्या झोपायच्या. परदेशातले दीर व्हिडिओ कॉलवर म्हणाले, 'वहिनी, पैशाचा प्रश्न असेल तर सांगा, पण नळी घाला.' पैशाचा! नळी घातली. दीर फोन ठेवून झोपले, मी रात्रभर सासूबाईंचे हात धरून बसले.

बे_एरियाकर:
सगळे दीर तसे नसतात. माझी आई साताऱ्यात असते. स्क्रीनवर तिची बसलेली गालफडं दिसतात आणि विचारलं की उत्तर एकच, 'जेवली.' किती, काय, ठसका लागला का, कुणी सांगत नाही. जास्त विचारलं की आम्ही पैशाचा माज करतो!

माहेरवाशीण:
मग या आणि आठवडाभर भरवा. नंतर विचारा.

बे_एरियाकर:
व्हिसाच्या अडचणी तुम्हाला ठाऊक नाहीत. तोंड सांभाळून बोला.

कृष्णाकाठ:
थांबा दोघंही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं. आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. आपल्या वतीने कोणी ठरवायचं त्यांची नावं त्यात घालता येतात. म्हातारी माणसं शुद्धीत असताना हे करून घ्या, म्हणजे दीर-भावजयीत जुंपणार नाही.

घोटभर:
मी स्पीच थेरपिस्ट, गिळण्याच्या तक्रारीच बघते. इथे भरवायचं कसं हे कुणीच बोलेना म्हणून लिहिते. 'पातळ द्या, सोपं जाईल' हे बहुतेकदा चूक. पाणी, चहा घशातून फार वेगाने उतरतो, श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. नाचणीची दाटसर पेज, घुसळलेलं दही, घोटलेला भात बरा. पेशंटला ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली. चमचा चहाचा घ्या आणि समोरून, खालच्या बाजूने न्या, वरून नेला की मान मागे जाते. घोट उतरल्याशिवाय पुढचा देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. दात, जीभ रोज साफ करा, तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात. आणि दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या १२ तास चालणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नका हो, सगळा डोस एकदम अंगात जातो. डॉक्टरांकडे पातळ औषध, पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) किंवा कातडीखालचं इंजेक्शन मागा.

बे_एरियाकर:
आईला चहाचाच ठसका लागतो आणि चहा तिचा जीव की प्राण. बंद करायचा का?

घोटभर:
एकदम तोडू नका. दाट करायची पावडर मिळते, नाहीतर बिस्किट भिजवून लगदा चमच्याने द्या. ठसक्याचा धोका माहीत असूनही आवडीचा घोट द्यायचा, असं घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवता येतं. आधी जी बाई भरवते तिच्याशी बोला, तिला नेमकं कधी अडतं ते ठाऊक असतं.

माहेरवाशीण:
निदान हे तरी विचारलंत. भरवणाऱ्या बाईला फोन तिच्या सवडीने करा.

कृष्णाकाठ:
आणि सलाईन? 'शेवटी बाटली तरी लावा' असं सगळेच म्हणतात.

रात्रपाळी:
अखेरच्या दिवसांत सलाईनने सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, तोंडाचा कोरडेपणा काही जात नाही. त्यासाठी ओल्या कापसाने ओठ, जीभ ओली ठेवा. गंगाजळ जरूर द्या, पण ओतू नका, दोन थेंब ओठांवर लावा.

कृष्णाकाठ:
थेंबांचं पटलं. बाटलीचं नाही. 'आपण पाणी तोडलं' हे घरच्यांना जन्मभर डाचत राहतं.

रात्रपाळी:
त्यासाठी डॉक्टरांनी घरच्यांना घेऊन बसायला हवं, समजावून सांगायला हवं.

कृष्णाकाठ:
तसा डॉक्टर मिळाला तर. शीर्षकात मात्र 'स्मृतिभ्रंश' घाला, कॅन्सरवाले उगाच नळीला घाबरतील.