गेटवरचं पार्सल की हॉलमधली खुर्ची?

कोपरखैरणेकर:
नाताळच्या दुपारी आमच्या चर्चमध्ये दोन जेवणं होती. (नाव घेत नाही, भांडण आपल्या सवयीशी आहे.) हॉलमध्ये आमचं: सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा रस्सा), फुगे (पिठाचे तळलेले गोळे), वाइन, साडेतीनशेचं कूपन. गेटवर नाक्यावरच्या मजुरांना पार्सल: पुलाव, केळं, केकचा तुकडा. मी वाटायला उभा होतो. रांगेतल्या एकानं पार्सल घेतलं आणि सिमेंटनं फुटलेल्या बोटांनी कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला. विचारलं, मामा, गाव कुठलं? म्हणाले, श्रीरामपूरकडचं, हरेगावला मतमाउलीच्या (येशूच्या आईच्या, मरियेच्या) यात्रेला दरसाल जातो. म्हणजे आपलाच माणूस, नाताळाच्या दिवशी, आपल्याच गेटबाहेर. 'आत चला' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो की मेजवानीला भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी नकोत, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, त्यांना परतफेड करता येत नाही. बोलाव म्हणतो, पाठवून दे म्हणत नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांची ताटं हॉलमध्येच मांडा, नाहीतर 'गरिबांसाठी भोजन' हा बॅनर उतरवा.

जमाखर्च:
मी एका परीशच्या (चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) समितीत आहे, म्हणून बोलतो. हॉलमध्ये बसतात दोनशे, गेटवर येतात चारशे. कुणाला आत घ्यायचं ते तुम्ही निवडणार का? आणि पार्सलला नावं ठेवू नका. नाक्यावरचा माणूस ते तिथे उघडत नाही, खोलीवर पोरांसाठी नेतो. त्याला दोन पार्सलं हवी असतात, पंगतीचं समाधान तुम्हाला हवंय. त्याच १४व्या अध्यायात थोडं वर बघा, पाहुण्यानं शेवटच्या जागी बसावं असंही आहे. तुम्ही त्या दिवशी कुठे बसून जेवलात?

कोपरखैरणेकर:
हॉलमध्ये, पंख्याखाली. कबूल.

चेंदणीचा_शेजारी:
मी ख्रिस्ती नाही, मधे तोंड घालतो. श्राद्धाचं अन्न एकनाथांनी दारावरच्या अंत्यजांना वाढलं आणि ब्राह्मण रुसले, ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. पण मुद्दा जागेचा असेल तर गुरुद्वारात बघा, लंगर जमिनीवर बसतो म्हणून पुरतो. टेबलं काढा, सतरंज्या टाका, दोनशेच्या हॉलमध्ये साडेतीनशे मावतील. उरलेले दुसऱ्या पंगतीला.

जमाखर्च:
आमच्या म्हाताऱ्यांचे गुडघे तुम्ही धरणार का?

कोपरखैरणेकर:
गुडघे कशाला मधे आणता? पुढची टेबलं देणगीदारांना राखीव असतात, ते सांगा. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच आहे. सोन्याची अंगठीवाला आला की 'इथे बसा', मळक्या कपड्यांचा आला की 'तू तिथे उभा राहा'.

तुर्भेवाली:
मी गेटच्या बाहेरच्या बाजूची. आई ठाण्यात चार घरची भांडी करायची. मी ९ वर्षांची असताना एका बाईंनी आम्हाला नाताळला टेबलावर बसवलं. सगळे एकदम गोड झाले, 'घे गं, लाजू नकोस.' आईनं अर्धा फुगा खाल्ला, अर्धा पदरात बांधला. त्या घरातला प्रत्येक ग्लास तिनं घासलेला, पण त्या दिवशी तिला पाणी मागवेना. बाई चांगल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा स्टीलचा वेगळा कप पुन्हा खिडकीत. मला विचाराल तर पार्सल बरं, निदान घरी जाऊन पाय पसरून खाता येतं.

चार_बंगले_सोडून:
ताई, मग एक दिवसाचं सगळंच खोटं का? येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करतो तो ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार; २०१३ च्या त्या दिवशी पोप फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले, १२ जणांचे पाय धुतले. त्यात मुली होत्या, मुस्लिम होते. पाय धुणं वर्षातून एकदाच होतं, तरी त्याला अर्थ आहेच ना?

तुर्भेवाली:
खोटं कुठे म्हटलं? पाय धुणाऱ्याला खाली वाकावं लागतं. बाई वाकल्या नव्हत्या, आम्हाला वर ओढलं होतं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था, तिचे लोक जोडीनं लोकांच्या घरी जातात, ते मला पटतं. १८३३ साली पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं काम, अजून चालू आहे. आमच्या खोलीवर एक आजोबा यायचे, पत्र्याच्या डब्यावर बसून आईच्या हातचा बिनदुधाचा चहा प्यायचे. तेव्हा आई यजमान असायची. कोपरखैरणेकर, तुम्ही त्या मामांकडे गेलात का?

कोपरखैरणेकर:
नाही. नावही विचारलं नव्हतं. तुमचं वाचून आज सकाळी साडेसातला नाक्यावर गेलो, दिसले नाहीत. एक जण म्हणाला उलव्याच्या साइटवर गेलेत, महिनाभर तरी तिकडेच.

जमाखर्च:
उलवे काही लांब नाही. आणि सतरंजीवाल्यांनी समितीच्या मीटिंगला या, इथे लिहून हॉल मोकळा होत नाही. गुडघ्यांसाठी भिंतीकडेनं चाळीस खुर्च्या ठेवेन. राखीव एकही नाही, हे मात्र देणगीदारांना तुम्हीच सांगायचं.