केंद्राचा पैसा मुंबईत येतो, मग वस्तीतल्या पाळणाघरापर्यंत का पोचत नाही?

टेंभीपाड्याची ताई:

नमस्कार. मी भांडुपला टेंभीपाड्यात राहते. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. निम्म्या जणी मुलुंडला घरकामाला जातात, दोघी कांजूरला पॅकिंगला, मी आणि माझी जाऊ पोळीभाजीचे डबे करतो. आमची खरी अडचण लहान पोरांची आहे. दोन-तीन वर्षांचं मूल कुणाच्या भरवशावर सोडून जायचं? गेल्या पावसाळ्यात गटातल्या एकीने धाकट्याला सात वर्षांच्या मुलीजवळ ठेवलं आणि कामावर गेली. दोन महिने त्या मुलीची शाळा बुडाली. तेव्हाच ठरवलं, वस्तीत पाळणाघर काढायचं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या शहरात वॉशिंग्टनहून दरवर्षी अनुदान येतं आणि ते कशावर खर्च करायचं हे ठरवण्याआधी नगरपालिका लोकांची सभा घेते. तीही माईकवर बोलली आणि तिथल्या पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला पैसे मिळाले.

इथे मी दोन सरकारी कार्यालयांत जाऊन आले. एका ठिकाणी म्हणाले, "केंद्राचा फंड आमच्याकडे येतच नाही." दुसरीकडे म्हणाले, "येत होता, आता संपला." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? जाणकारांनी नीट समजावून सांगा. अर्ज लिहायची माझी तयारी आहे, कुणाच्या नावाने लिहायचा तेवढं कळू दे.

समाजविकास_निवृत्त:

ताई, तुम्हाला सांगितलेलं दोन्ही खरं आहे. फक्त ते दोन वेगवेगळ्या पैशांबद्दल होतं. मी समाज विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, नोकरीतली बरीच वर्षं बचत गटांबरोबर गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भाचीच्या शहराला मिळतं ते अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने सुरू झालेलं सामुदायिक विकास अनुदान. तो एकगठ्ठा पैसा असतो. नियमांच्या चौकटीत राहून रस्ता करायचा, घरं दुरुस्त करायची की पाळणाघराला द्यायचा, हे शहर ठरवतं. आपल्याकडे तसं नाही. दिल्लीतून निघतानाच पैशावर योजनेचं नाव पडलेलं असतं आणि ते नाव वॉर्डात बदलता येत नाही. केंद्राचा पैसा राज्यांना आणि शहरांना कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाचंच बघा. दहा लाखांवरच्या शहरांसाठी २०२१ ते २०२६ या काळात ३८,१९६ कोटी ठेवले, पण त्यातला एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी आणि बाकीचा पाणी, स्वच्छता, घनकचरा यांसाठी. आयुक्तांच्या मनात आलं तरी त्यातून पाळणाघर काढता येत नाही.

"संपला" म्हणाले तो बहुतेक राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा पैसा. बचत गटांना आपापसात कर्जाऊ फिरवायला १० हजारांचा फिरता निधी मिळायचा तो त्यातूनच. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. गटाने बँकेचं कर्ज घेतलं तर ७ टक्क्यांवरचं व्याज सरकार भरायचं, आणि महिलांच्या गटाने हप्ते वेळेवर फेडले तर आणखी ३ टक्के सवलत. सप्टेंबर २०२४ अखेर ते अभियान बंद झालं. त्याच्या जागी नवी योजना आधी २५ शहरांत प्रायोगिक म्हणून घेतली. त्यामुळे तुमच्याच वस्तीतल्या जुन्या गटाला मिळालेला निधी तुम्हाला मिळाला नाही, असं होऊ शकतं. त्यात तुमची काही चूक नाही.

हा पैसा यायचा कसा तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं वॉर्डातला साहेब दाबून बसलाय. केंद्राचा हिस्सा राज्याच्या तिजोरीत येतो, राज्य आपला हिस्सा घालतं. २०२१ पासून अशा प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचे पैसे राज्यातल्या एकाच बँक खात्यात ठेवायला लागले. खालच्या यंत्रणेला रोख मिळायची नाही, त्या खात्यातून किती काढायचे याची मर्यादा मिळायची. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. एका मार्चमध्ये माझ्याकडे नऊ गटांची मंजुरी आली होती. सात गटांचे कागद पूर्ण होते. दोन गटांची खाती बँकेने व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय केली होती आणि ३१ तारखेपर्यंत ती काही चालू झाली नाहीत, त्यामुळे त्यांचा पैसा हुकला. त्या बायकांना जाऊन सांगणं मला फार जड गेलं. आज वीस-एक वर्षांनी त्यांची नावं आठवतात. म्हणून सगळ्या गटांना सांगतो, खात्यात व्यवहार चालू ठेवा, दर महिन्याला पासबुक भरून घ्या.

आता तुमचं पाळणाघर. त्याचा केंद्राचा पैसा महापालिकेकडे येतच नाही, म्हणजे पहिल्या कार्यालयाने खरंच सांगितलं. केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीखाली "पाळणा" नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५. हा पैसा राज्याच्या महिला व बालविकास विभागामार्फत खाली येतो. मुंबईतल्या अंगणवाड्याही त्याच विभागाच्या, पालिकेच्या नाहीत. तेव्हा अर्ज तुमच्या भागातल्या अंगणवाड्या बघणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लिहा.

पालिकेला मात्र सोडू नका. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यातला फार मोठा भाग शहराचा स्वतःचा आहे, त्यावर दिल्लीचं नाव नाही. महिलांसाठीची तरतूद नियोजन विभागाकडे असते, शिलाई मशीन, घरघंटी तिथूनच वाटतात. कायद्याने आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक मांडावं लागतं. पालिकेच्या विभागांचे आकडे त्याच्या बरेच आधी, दिवाळीच्या आसपास गोळा होऊ लागतात. आमच्याकडे बायका मागणी घेऊन यायच्या मार्चमध्ये, वर्ष संपताना. तोवर पुढच्या वर्षाचंही ठरून गेलेलं असायचं आणि मला हात हलवत परत पाठवावं लागायचं. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जा.

सेविका_मानखुर्द:

काकांनी बरोबर सांगितलंय. मी अंगणवाडी सेविका आहे, एक गोष्ट माझ्याकडून. योजना असली तरी आमच्याकडे गाडी अडते ती जागेवर. वस्तीतली अंगणवाडी म्हणजे बहुतेक वेळा भाड्याची दहा बाय बाराची खोली. सकाळचे काही तास मुलं बसतात तेव्हाच पाय ठेवायला जागा नसते. पाळणाघर म्हणजे दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस. मुलं झोपणार कुठे, बाथरूम कुठे, दूध गरम कुठे करायचं, हे आधी विचारतात आणि विचारायलाच हवं.

म्हणून ताई, आधी जागा शोधा. समाजमंदिर, मंडळाची खोली, सोसायटीचं कार्यालय, जे मिळेल ते, आणि त्यांच्याकडून लेखी घ्या. मग तुमच्या अंगणवाडीच्या सेविकेला भेटा. तिच्याकडे घरोघरच्या सर्वेक्षणाची यादी असते, कोणत्या घरात किती लहान मुलं ते तिला माहीत असतं. तुमची यादी आणि तिची यादी जुळली की सुपरवायझरला नाही म्हणणं कठीण जातं. सेविकेला बाजूला ठेवून थेट वर जाऊ नका, पुढे रोजचं काम तिच्याबरोबरच करायचंय.

हडसनकाठची:

मावशी, मीच ती भाची! आईने लिंक पाठवली. माझ्या फोनवरच्या बोलण्यातून इथलं चित्र जरा जास्तच गुलाबी झालंय, ते दुरुस्त करते.

शहराला मिळालेल्या अनुदानातले किमान ७० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडले पाहिजेत, हा नियम खूप चांगला आहे. पण पाळणाघर, वृद्धांचे डबे, तरुणांचं प्रशिक्षण अशा सगळ्या सेवा मिळून १५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. बाकीचा पैसा फुटपाथ, घरदुरुस्ती, नागरी सोयी यांत जातो. त्या १५ टक्क्यांसाठी संस्थांची रांग असते. आमच्या पाळणाघराने मागितले त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत.

वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि आराखडा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी ३० दिवस खुला ठेवावा लागतो. मी बोलले त्या संध्याकाळी सभागृहात आम्ही सात जण होतो. सात! पण आम्ही पाळणाघरात येणाऱ्या मुलांच्या आयांच्या कामाच्या वेळा लिहून नेल्या होत्या, कोण रात्रपाळीला, कोण पहाटे पाचला निघते. तो कागद अधिकाऱ्यांनी ठेवून घेतला आणि पुढच्या मसुद्यात त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं आलं. तू पण तसा कागद कर ना. तुला तर प्रत्येकीची वेळ तोंडपाठ आहे.

टेंभीपाड्याची ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस मी चुकीच्या दारात उभी होते, हे आज कळलं. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

काल रात्री डबे आवरल्यावर आम्ही सहा जणी बसलो आणि वहीत यादी केली. आमच्या दोन गल्ल्यांत सहा वर्षांखालची १९ मुलं निघाली ज्यांची आई दिवसा कामावर असते. प्रत्येकीपुढे निघायची आणि परतायची वेळ लिहिली. सगळ्यात लवकर निघते ती सव्वापाचला, मुलुंडच्या दोन घरांचे डबे करायला. सगळ्यात उशिरा येते ती पावणेनऊला. साडेसात तासांत हिचं भागणार नाही, म्हणून तिच्या मुलाला संध्याकाळी माझी जाऊ सांभाळेल असं ठरलं.

जागेचं मंडळाच्या अध्यक्षांशी बोलले. गणपतीचं सामान ठेवतात ती खोली दिवसा द्यायला तयार आहेत, लेखी द्यायला आठवडा मागितलाय. नळ आहे, संडास मात्र शंभर पावलांवर सार्वजनिक आहे. सेविकाताई, एवढं अंतर चालेल का, की आत सोय करावीच लागेल? आणि काका, पालिकेच्या अर्जावर गटाचा शिक्का पुरेल का बाराही जणींच्या सह्या घेऊ? सोमवारी दुपारी दोन ते चार मला वेळ आहे, तेव्हा आधी आमच्या अंगणवाडीत जाते.