मदत हवी आहे: संध्याकाळ झाली की रिपीटर आपोआप चालू होतो

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी आमच्या हॅम रेडिओ ग्रुपचा दोन मीटर बँडचा रिपीटर आहे, म्हणजे क्षीण सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा पाठवणारं यंत्र. इनपुट-आउटपुटमध्ये नेहमीचं ६०० किलोहर्ट्झचं अंतर, टोन १००.० हर्ट्झ (हा सूर सिग्नलसोबत आला तरच रिपीटर उघडतो), बॅटरी आणि तिला चार्जर. गेल्या महिन्यापासून रोज साडेसातच्या सुमारास हा बाबा कुणी न बोलवता चालू होतो. 'घूंऽऽ' असा आवाज, पाच-दहा सेकंदांनी बंद, की परत चालू. अकराला गुपचूप. रात्रीच्या नेटचा (ठरलेल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात त्याचा) पार विचका झालाय. बावधनला टेकडीच्या आड एक काका हँडीवर (हातातल्या छोट्या रेडिओवर) असतात, ते प्रत्येक वाक्याच्या मध्यावर गायब होतात. दुपारी त्यांचाच आवाज स्वच्छ येतो.

पहिला संशय आमच्याच चार्जरवर होता. तो काढून नुसत्या बॅटरीवर चालवलं, फरक शून्य. अँटेनाची केबल काढून रिसीव्हरला डमी लोड (अँटेनाच्या जागी नुसता रेझिस्टर) लावला, तर एकदम शांत. म्हणजे जे काय येतंय ते अँटेनातूनच. लाईट जाते तेव्हा काय होतं तेही बघायचं होतं, पण गुरुवारचं शटडाऊन दिवसा असतं आणि दिवसा त्रास मुळात नसतोच! शेवटी मंगळवारी वळवाच्या पावसाने काम केलं. आठ वाजता आख्ख्या भागाची लाईट गेली, रिपीटर बॅटरीवर चालू राहिला आणि घूं थांबली. वीस मिनिटांनी लाईट आली, घूं हजर.

आता इथून पुढे शोधायचं कसं? आणि टोन लावलेला असताना नुसत्या गोंगाटाने रिपीटर उघडतोच कसा, हे मला अजून कळलेलं नाही. मला लायसन्स मिळून वर्षच झालंय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

प्रतिसाद १
डुप्लेक्सर बघा, एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर. त्याची कॅव्हिटी (फिल्टरचा डबा) ट्यूनिंगवरून हलली की स्वतःचा ट्रान्समीटरच स्वतःच्या रिसीव्हरला बहिरा करतो. नव्वद टक्के वेळा हेच निघतं.

धागाकर्ती
ट्रान्समीटर पूर्ण बंद ठेवून इनपुट ऐकलं, तरी घूं आहेच. शिवाय डुप्लेक्सर साडेसातचं घड्याळ लावून बिघडेल का हो?

प्रतिसाद २
उत्तर तुमच्या टोनमध्येच आहे. संध्याकाळी लागणारे कुणाचे तरी एलईडी दिवे असणार. एलईडीच्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) आधी मेन्सचं रेक्टिफिकेशन होतं, म्हणजे एसीचं डीसी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्याचा गोंगाट सेकंदाला १०० वेळा फुगतो-ओसरतो. तुमच्या डिकोडरला (टोन ओळखणाऱ्या भागाला) तोच १००.० वाटतो आणि तो दार उघडतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हा आकडा १२० येतो. टोनच्या नेहमीच्या यादीत ११८.८ नंतर थेट १२३.० आहे, १२० नाहीच, बघा. आपल्याकडे १०० टाळावा तो याचसाठी. ८८.५ करून पाहा.

पण त्याने अर्धंच काम होईल. टोन हा दारावरचा वॉचमन, रस्त्यावरचा गोंगाट तो थांबवत नाही. काकांचा क्षीण सिग्नल गोंगाटाखाली बुडणार तो बुडणारच. मूळ शोधावंच लागेल. शोधताना रिसीव्हर एएमवर ठेवा. एफएमचा लिमिटर चढ-उतार खाऊन टाकतो, त्यामुळे जवळ आलात की लांब गेलात हे कळतच नाही. स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप घेऊन तीन एलिमेंटची यागी (एकाच दिशेने जास्त ऐकणारी अँटेना) करा, दोनशे-तीनशे रुपयांत होते. अगदी जवळ पोचलात की सगळीकडून सारखंच ऐकू येईल, तेव्हा मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा.

इमारत सापडली की सेक्रेटरींना 'तुमच्या दिव्यांमुळे' असं म्हणून सुरुवात करू नका, बोलणं तिथेच संपतं. रेडिओ हातात घेऊन जा, दिवे एकदा बंद, एकदा चालू करायला सांगा आणि ऐकू द्या. मग वायरवर फेराइट (गोंगाट अडवणारी कडी) लावायचं की ड्रायव्हर बदलायचा, ते पुढचं.

धागाकर्ती
टोन ८८.५ केला, सगळ्यांच्या हँडी पुन्हा प्रोग्रॅम करताना जीव गेला. पण तीन रात्री झाल्या, रिपीटर एकदाही आपोआप उघडलेला नाही. काका मात्र अजून तुटतातच, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

टेपची यागी केली. आमच्या गच्चीवरून आणि मावशीच्या गच्चीवरून दिशा घेतल्या. नकाशावर दोन्ही रेघा पौड रोडजवळ छेदतात, पण कोन फार निमुळता आहे, चार-पाच इमारती त्यात बसतात. त्यातल्या एकीच्या कठड्याला नव्या एलईडी पट्ट्या लावलेल्या दिसतात, पण नुसत्या संशयावरून तिथे जाऊन बोलायचं नाहीये. कर्वेनगर किंवा डहाणूकर कॉलनीत कुणाची उंच गच्ची आहे का? रविवारी साडेसातला तिसरी रेघ घ्यायची आहे. अँटेना मी आणते, चहा तुमच्याकडे.

७३ (शुभेच्छा)