मलेरिया पुन्हा पुन्हा का होतो?

ऐरोलीकर: शेजारी बांधकाम सुरू असून पावसाळ्यात भावाला व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया झाला, प्लेटलेट्सही उतरल्या. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, मग मलेरियाविरुद्ध शरीर कायमची प्रतिकारशक्ती का कमावत नाही?

कोपरीकर: मलेरियाच्या फाल्सिपॅरम या दुसऱ्या प्रकाराचा परजीवी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन सुमारे 60 जनुकांमधून आलटूनपालटून बदलतो, त्यामुळे एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत त्याने दुसरा सदरा चढवलेला असतो. सतत संसर्ग असलेल्या प्रदेशांत प्रौढांना मिळते ती अंशतः प्रतिकारशक्ती. ती आजार सौम्य करते, संसर्ग थांबवत नाही, आणि तो प्रदेश सोडल्यावर हळूहळू ओसरते.

वाशीची वाचक: व्हायवॅक्सचे सुप्त परजीवी यकृतात महिनोन्महिने दडून राहतात, म्हणून नवा डास न चावताही ताप उलटतो. त्यासाठीच प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स देतात. ताप उतरला की उरलेली स्ट्रिप ड्रॉवरमध्ये टाकणारे आमच्याही घरात आहेत! मात्र जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असल्यास या गोळीने तांबड्या पेशी फुटू शकतात, तेव्हा ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.